छत्तीसचा आकडा

गेले दोन-तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. एक कारण ऑफिसमधलं रिलीज. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. मी एका मित्राचं रेकॉर्डिंग वाया घालवलं, आणि ते का वाया गेलं हे शोधता शोधता थेट १९४९ सालच्या बर्लिनला जाऊन पोचलो. आजची पोस्ट त्याचीच. थोडी लांब झालीये, तेव्हा चहा घेऊन बसा.

तर झालं असं. या मित्राने कोथरूडच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत छोटासा स्टुडिओ थाटलाय. नोकरी सांभाळून केलेली हौस. त्याच्याकडे एक सेकंडहँड व्हॉल्व्हचा माईक आहे. व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या रेडिओत मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायचा ते काचेचे दिवे. (त्यांना ट्यूबही म्हणतात, पण आपल्याकडे ट्यूब म्हटलं की छतावरची ट्यूबलाईटच डोळ्यासमोर येते, म्हणून मी व्हॉल्व्हच म्हणणार.) असा माईक नुसत्या केबलवर चालत नाही. त्याच्यासोबत पॉवर सप्लायचा वेगळा डबा येतो. त्यातून एक शंभराच्या वरचं व्होल्टेज निघतं आणि एक छोटंसं, व्हॉल्व्ह तापवायचं, म्हणजे हीटरचं. आमच्या माईकला ते ६.३ व्होल्ट लागतं. डबा आधीच्या मालकाने कोणाकडून तरी हाताने बनवून घेतलेला.

मित्राच्या आईच्या गाण्याच्या बाई मिरजेहून चार दिवस पुण्यात येणार होत्या. वय ८२. आयुष्यभर शिकवलं, पण स्वतःचं एकही धड रेकॉर्डिंग नाही. मित्र म्हणाला, "तू ई अँड टीसीवाला ना? आदल्या दिवशी येऊन सप्लाय एकदा चेक कर बाबा." मी गेलो. चार वर्षं इंजिनिअरिंग करून नंतर जावा लिहीत बसलेल्या माणसाला मल्टीमीटर हातात घ्यायची संधी मिळाली की त्याचं जे होतं ते माझं झालं. माईक काढून बाजूला ठेवला (सेफ्टी!), डब्याच्या सॉकेटमध्ये प्रोब घातले, तर हीटरच्या पिनवर ९.३ व्होल्ट. बाप रे, व्हॉल्व्ह जळेल की! आत एक प्रीसेट होता, तो स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बरोब्बर ६.३ वर आणला, झाकण लावलं आणि वर दोन इडल्या खाऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तोडी लावली. पन्नास मिनिटं. मध्ये कोणी बोलायचं नाही, उठायचं नाही. हेडफोनमध्ये मागे सतत एक 'फस्स' ऐकू येत होतं, स्टोव्ह लांब कुठेतरी पेटवलाय असं. आधी वाटलं पंखा. पंखा बंद केला. मग वाटलं तंबोऱ्याची जवारी. बाई तार षड्जावर गेल्या की आवाज फाटायचा, तोही गळा फाटल्यासारखा नाही, कागद फाटल्यासारखा. बाई मिरजेला परत गेल्या आणि मग त्या रात्री माझी ट्यूब पेटली. माईक जोडलेला ठेवून, चालू ठेवून, परत मोजलं. हीटरवर ४ व्होल्ट.

कारण अगदी दुसऱ्या वर्षाच्या पोराला कळेल असं होतं. प्रीसेटच्या पुढे, गुणगुण गाळण्यासाठी, साधारण १० ओहमचा एक रेझिस्टर आणि मोठा कपॅसिटर होता. माईक जोडला की हीटर ०.३ अँपिअर ओढतो, त्या रेझिस्टरवर ३ व्होल्ट पडतात आणि ९.३ चे बरोब्बर ६.३ उरतात. म्हणजे बनवणाऱ्याने सगळं अचूक लावलेलं होतं. मी लोड काढून मोजलं आणि बरोबर असलेलं चूक केलं. प्रॉडक्शनवरचा चालता कोड 'क्लीन अप' करणारे जे महाभाग असतात, त्यांच्यातला मी एक.

इथवर ही फक्त फजिती आहे. पण मग मी वाचायला लागलो, आणि एक आकडा सापडला ज्याने माझी झोप उडवली. सहा-तीनच्या जागी चार, म्हणजे मी हीटरला साधारण ६३ टक्के व्होल्टेज दिलं होतं. जगातला बहुधा सर्वात नावाजलेला व्हॉल्व्ह माईक म्हणजे नॉयमानचा यू ४७. त्याच्या व्हॉल्व्हचा हीटर ५५ व्होल्टचा, आणि नॉयमानने त्याला दिले ते सुमारे ३६. म्हणजे ६५ टक्के. मुद्दाम! मी गाढवपणाने जे केलं तेच जवळजवळ त्यांनी विचार करून केलं, आणि त्यावर फ्रँक सिनात्रा गायला, बीटल्स गायले. मग आमच्या बाईंच्या वाट्याला स्टोव्ह का?

याचं उत्तर समजायला हीटर नेमकं काय करतो ते थोडं बघू. एडिसनच्या दिव्यात १८८० च्या सुमाराला दिसलं होतं की तापलेल्या तारेतून काहीतरी निघून पोकळीतून पलीकडे जातं. १९०४ मध्ये फ्लेमिंगने त्याचा डायोड केला, १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने मध्ये जाळी, म्हणजे ग्रिड, घातली. हे सगळं पुस्तकात असतंच. पुस्तकात ज्याकडे दुर्लक्ष होतं ती गोष्ट म्हणजे गर्दी. तापलेल्या कॅथोडमधून गरजेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि कॅथोडभोवती ढग करून घोटाळत राहतात. समोरची प्लेट त्या ढगातून हवे तेवढे उचलते.

संध्याकाळी सहाचं दादर स्टेशन आठवा. पुलावरून माणसं कशी उतरतात? कधी लोंढा, कधी चारच जण, काही नेम नाही. पण प्लॅटफॉर्मवर हजार माणसं उभी असतील तर प्रत्येक लोकल सारखीच ठासून भरून जाते. पुलावरचा अनियमितपणा लोकलमध्ये दिसतच नाही, गर्दी तो गिळून टाकते. आता तीच लोकल रविवारी दुपारी बघा. प्लॅटफॉर्म मोकळा, मग त्या मिनिटाला पुलावरून कोण उतरलं त्यावर डबा किती भरणार ते ठरतं. व्हॉल्व्हमध्ये हा पुलावरचा अनियमितपणा म्हणजे फस्स. हीटर थंड पडला की ढग विरळ होतो, फस्स थेट आवाजात उतरतो, आणि मोठा स्वर आला की प्लेटला हवे तेवढे इलेक्ट्रॉन मिळतच नाहीत. तार षड्ज फाटला तो तिथे.

मग हीटर जास्त तापवावा? तेही नाही. कॅथोडवर बेरियमच्या ऑक्साईडचा लेप असतो. जास्त तापला की बेरियम उडतं आणि शेजारच्या ग्रिडवर जाऊन बसतं, मग ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडायला लागते. रेडिओत हे चालून जातं. माईकमध्ये नाही, कारण कंडेन्सर माईकच्या कॅप्सूलमधून येणारा सिग्नल इतका नाजूक असतो की ग्रिडला जोडलेला रेझिस्टर १० कोटी ओहमच्या घरातला असावा लागतो. त्यातून एका अँपिअरचा अब्जावा भाग वाहिला तरी ०.१ व्होल्टचा गोंधळ होतो. म्हणजे एकीकडे गर्दी हवी, दुसरीकडे धग नको. हीटरचं व्होल्टेज म्हणजे या दोघांमधली तडजोड.

ही तडजोड एके काळी घरोघरी रोज हाताने होत होती, हे मला माहीतच नव्हतं. १९२० च्या दशकातल्या अमेरिकन रेडिओंच्या पुढच्या पॅनलवर व्हॉल्यूमसारखं एक बटण असायचं, ते फिलामेंटचं. व्हॉल्व्ह ५ व्होल्टचा, बॅटरी ६ व्होल्टची. नवी चार्ज केलेली बॅटरी असेल तेव्हा ते बटण मागे ठेवायचं, बॅटरी उतरत जाईल तसं पुढे सरकवायचं. जास्त पुढे गेलं तर महागाचा व्हॉल्व्ह गेला. म्हणजे माझ्यासारखे स्क्रू ड्रायव्हरवाले वीर तेव्हा प्रत्येक घरात होते.

आणि हे ६.३ कुठून आलं? मला वाटायचं की काहीतरी क्वांटम फिजिक्स असेल. काही नाही हो, मोटारीची बॅटरी! शिशाच्या बॅटरीचा एक सेल भरलेला असताना साधारण २.१ व्होल्ट देतो. तीन सेल म्हणजे ६.३. १९३० च्या दशकात मोटारीत रेडिओ बसू लागले, त्यांच्यासाठी हा आकडा सोयीचा होता. मग तोच घरच्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरला चिकटला, आणि मोटारी १२ व्होल्टवर गेल्या तरी तो गेला नाही. वाय-टू-के आठवतं? कुणीतरी कधीतरी सोयीसाठी ठरवतं आणि पुढचे सगळे त्याला निसर्गनियम समजतात.

आता नॉयमान. गेओर्ग नॉयमानने १९२८ मध्ये बर्लिनमध्ये कंपनी काढली आणि सीएमव्ही ३ नावाचा कंडेन्सर माईक बाजारात आणला. आकाराने इतका लांबडा की लोक त्याला बाटलीच म्हणायचे. त्यातला व्हॉल्व्ह ४ व्होल्टचा, म्हणजे बॅटरीचे दोन सेल. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यांत कारखाना सापडला आणि कंपनीने थुरिंगियातल्या गेफेल नावाच्या छोट्या गावात बिऱ्हाड हलवलं. युद्ध संपलं तेव्हा गेफेल गेलं रशियनांच्या हद्दीत. नॉयमानने पश्चिम बर्लिनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. (गेफेलचा कारखानाही चालू राहिला आणि माईक बनवत राहिला. ती एक वेगळीच फाळणीची गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी.)

उद्ध्वस्त शहरात नवा माईक करायचा तर व्हॉल्व्ह कुठला घ्यायचा? त्यांनी घेतला टेलिफुंकनचा व्हीएफ १४. माईकसाठी बनवलेला अजिबात नाही. हा साध्या घरगुती रेडिओचा, पोलादी आवरणाचा व्हॉल्व्ह. त्या जातीच्या स्वस्त रेडिओत ट्रान्सफॉर्मर नसायचा. सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागून एक जोडून थेट घरच्या विजेवर टाकायचे. माळ म्हटली की सगळ्यांतून करंट सारखा, म्हणून या कुळातल्या प्रत्येक व्हॉल्व्हचा हीटर ५० मिलिअँपिअरचा, व्होल्टेज ज्याचं त्याचं वेगळं. व्हीएफ १४ च्या वाट्याला ५५ आलं.

नॉयमानच्या लोकांनी यातून जे केलं ते मला फार आवडलं. सप्लायमधून माईककडे एकच व्होल्टेज, १०५. त्यातूनच प्लेट चालते, त्यातूनच कॅप्सूलला लागणारं व्होल्टेज निघतं, आणि त्यातूनच माईकच्या आत बसवलेल्या १७८० ओहमच्या एका रेझिस्टरमधून हीटर. गणित करून बघा. हीटरवर ३६, म्हणजे रेझिस्टरवर ६९. भागिले १७८०, म्हणजे जवळपास ३९ मिलिअँपिअर. हीटरमध्ये जेमतेम १.४ वॉट जातात, जिथे कागदावर २.७५ हवेत. निम्मी धग! उलट तो रेझिस्टरच २.७ वॉट जाळतो. म्हणजे या माईकमध्ये व्हॉल्व्हपेक्षा रेझिस्टर जास्त तापतो. शिवाय ग्रिडला लागणारा साधारण एक व्होल्टचा उणे बायसही याच हीटरच्या करंटमधून काढलाय. एका आकड्याला हात लावला की चार आकडे हलतात.

निम्म्या धगीवर व्हॉल्व्ह चालतो कसा? एक तर प्लेटचा करंट इतका कमी ठेवलाय (एक मिलिअँपिअरच्याही आत) की विरळ ढगसुद्धा पुरतो. दुसरं म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला हे जमत नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून माईकसाठी ते वेचून घेत. पास झालेल्यांवर 'एम' हे अक्षर, म्हणजे मिक्रोफोन. बाकीचे बिचारे रेडिओचेच. म्हणजे ३६ हा एकटा आकडा नव्हेच. त्याच्यामागे सर्किट होतं आणि एक एक व्हॉल्व्ह तपासणारी माणसं होती. माझ्या ४ व्होल्टमागे फक्त दोन इडल्या होत्या :)

आयटीवाल्यांसाठी एक छोटं विषयांतर. आपल्या धंद्याची सुरुवातही याच हीटरपाशी होते. ब्लेचली पार्कसाठी १९४३ साली टॉमी फ्लॉवर्सने कोलोसस बांधायला घेतलं तेव्हा सगळे म्हणत होते की दीड हजार व्हॉल्व्ह एकत्र चालणं अशक्य, एक ना एक जळणारच. फ्लॉवर्स ब्रिटिश टपाल खात्यातला टेलिफोन इंजिनिअर. त्याला अनुभवाने ठाऊक होतं की व्हॉल्व्ह मरतात ते बहुतेक चालू-बंद करताना, कारण थंड हीटरचा रेझिस्टन्स कमी असतो आणि बटण दाबल्या क्षणी करंटचा लोंढा येतो. बंदच करू नका, मरणार नाहीत. पुढे १९४६ मध्ये जगासमोर आलेल्या एनिअॅकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते, आणि एकर्टने त्यांचे हीटर ठरलेल्या व्होल्टेजच्या खालीच चालवले. मुंबईत टीआयएफआरने बांधलेल्या टिफ्रॅकमध्ये, जो १९६० मध्ये पूर्ण झाला, २,७०० व्हॉल्व्ह होते. कुलाब्याच्या दमट हवेत २,७०० निखारे. आपण सर्व्हर रूमच्या एसीची तक्रार करतो.

असो. यू ४७ कडे परत. त्या ३६ ची किंमत पुढे मोजावी लागली. अख्खा माईक एकाच व्हॉल्व्हच्या एकाच सवयीभोवती बांधलेला. आणि रेडिओवाल्यांना व्हीएफ १४ ची गरज संपल्यावर टेलिफुंकनने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो बनवणं थांबवलं. डिपेंडन्सी डेप्रिकेट झाली! नॉयमानने १९६० मध्ये यू ६७ आणला, त्यात ईएफ ८६, जो खास ऑडिओसाठीच बनवलेला होता, आणि हीटर आपला सरळ ६.३ व्होल्टचा, सप्लायमधून वेगळ्या तारेने येणारा. साठ्यातले व्हीएफ १४ वापरत यू ४७ आणखी काही वर्षं निघाला आणि १९६५ च्या सुमाराला बंद झाला. ज्यांच्याकडे तो होता त्यांच्यापैकी कित्येकांनी जळलेल्या व्हॉल्व्हच्या जागी न्युव्हिस्टर नावाचा शिंप्याच्या टोपणाएवढा धातूचा व्हॉल्व्ह बसवून घेतला. पुढच्या पिढीने तो उपटून परत व्हीएफ १४ शोधायला सुरुवात केली, तोवर तो हजारो डॉलरवर गेला होता. त्याचं सख्खं भावंड ईएफ १४ स्वस्त मिळतं, पण त्याचा हीटर ६.३ चा, म्हणजे सप्लायच बदला. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हा.

शिवाय गेल्या सत्तर वर्षांत भिंतीतली वीजही बदलली. हे जुने जर्मन डबे २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले, आणि युरोपात नंतर २३० झालं. साडेचार टक्क्यांची ही वाढ जशीच्या तशी हीटरपर्यंत पोचते, कारण त्या काळच्या सप्लायमध्ये रेग्युलेटर नसायचा. म्हणून जुने माईक दुरुस्त करणारे लोक माईक जोडतात, चांगला तापू देतात आणि मग मोजून १०५ लावतात. माईक न जोडता मोजलं तर तिथेही आकडा बराच वर दिसतो. हे वाचताना माझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मित्राच्या डब्यावर मी परत बसलो, या वेळी इडल्या न खाता. माईक जोडून, अर्धा तास तापू देऊन, डब्यापाशी ६.३ लावलं. मग माईकचं कव्हर उघडून व्हॉल्व्हच्या पिनपाशी मोजलं, तर ५.८! (आत शंभराच्या वर व्होल्ट असतात. एक हात खिशात ठेवून मोजायचं, हे आमच्या लॅब असिस्टंटकाकांनी शिकवलेलं एकच वाक्य आयुष्यभर पुरलंय.) अर्धा व्होल्ट गेला कुठे? केबलमध्ये. बाईंना रस्त्यापासून लांब, आतल्या खोलीत बसवायचं म्हणून आम्ही १० मीटरची नवी केबल केली होती. ०.२२ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला ०.०८ ओहम, जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे १.६ ओहम. गुणिले ०.३ अँपिअर. बरोब्बर ०.४८ व्होल्ट. नॉयमानच्या त्या एकट्या १०५ व्होल्टच्या तारेत ३९ मिलिअँपिअरच वाहतात, तिथे एवढ्याच केबलने फक्त ०.०६ व्होल्ट खाल्ले असते. गरिबीतली डिझाइन पण काय हुशार! शेवटी तपकीर गल्लीतून जाड तार आणली, दोन्ही हीटरच्या तारा बदलल्या आणि व्हॉल्व्हच्या पिनपाशी ६.३ लावलं. थंड चालवायचा प्रयोगही थोडा करून पाहिला. ६.० ला मला काही फरक ऐकू आला नाही, ५.५ च्या खाली फस्स हळूहळू वर येऊ लागला. आमचा व्हॉल्व्ह 'एम' वाला नाही, एवढं नक्की.

तीन आठवड्यांनी मित्राची आई स्वतः मिरजेला जाऊन बाईंना घेऊन आली. खरं काय झालं ते मी त्यांना सांगितलं, व्होल्ट वगैरे न म्हणता, "बाई, माझ्या हातून मशीन बिघडलं होतं." त्या म्हणाल्या, "मग तंबोरा रोज लावावा लागतो तसं तेही लावावं लागत असेल." तोडी म्हणायला मात्र तयार झाल्या नाहीत. ती त्या दिवशीची होती म्हणाल्या. दोन भजनं गायल्या आणि थोडा भैरव. स्वच्छ आलंय रेकॉर्डिंग, शेवटच्या श्वासापर्यंत ऐकू येतं.

तोडीची फाईल मित्राने काढून टाकलेली नाही. नॉईझ रिडक्शन लावून बघितलं, फस्स जातो पण बाईंचा 'स'ही जातो, म्हणून तशीच ठेवलीये. फोल्डरचं नाव 'चार व्होल्ट'. आणि सप्लायमधल्या प्रीसेटवर आता त्याच्या बायकोच्या नेलपॉलिशचा एक जाड थेंब आहे. कुणाला फिरवायचाच असेल तर आधी तो खरवडावा लागेल.